सहा विभक्त्या आणि उणे तीस

"रशियन? ते कशाला?" असं मला आत्तापर्यंत किती जणांनी विचारलं याचा हिशेब मी सोडून दिलाय. जर्मन म्हटलं की लोक समजून घेतात (एम.एस.!), फ्रेंच म्हटलं की कौतुक करतात, जॅपनीज म्हटलं की पॅकेज विचारतात. रशियनला मात्र हे काळजीच्या सुरातलं 'कशाला' ठरलेलं. गेल्या वर्षी एक्स्चेंजवर सप्टेंबर ते जानेवारी सायबेरियातल्या तॉम्स्क शहरात राहून आल्यापासून तर जास्तच. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे मेसमध्ये पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आधी थोडा भूगोल. तॉम्स्क म्हणजे मॉस्कोपासून विमानाने चार तास पूर्वेला. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे, म्हणजे आईला फोन करायला सोयीचं. ट्रान्स-सायबेरियन रेल्वे बांधताना मुख्य लाईन या गावाला टाळून गेली, त्यामुळे अजूनही 'तायगा' नावाच्या जंक्शनवरून फाट्याने यावं लागतं. (मनमाडची आठवण येते.) पण सायबेरियातलं पहिलं विद्यापीठ १८७८ साली इथेच स्थापन झालं, आणि आज गावात जिकडे बघावं तिकडे विद्यार्थी. जुनी लाकडी घरं आहेत, खिडक्यांच्या चौकटींवर लेससारखं कोरीव काम. ती बघून वाटतं की थंडीत या लोकांना घरात बसून दुसरं काही कामच नसावं.

आता भाषा. लिपीला सगळे घाबरतात, पण तिची तेहतीस अक्षरं आठवड्यात येतात. गंमत एवढीच की काही अक्षरं रोमनसारखी दिसतात आणि उच्चार भलताच असतो. 'पी' दिसतो तो र, 'एच' दिसतो तो न, 'सी' दिसतो तो स. त्यामुळे रेस्टॉरंटची पाटी आपल्या डोळ्यांना 'पेक्टोपाह' अशी दिसते. खरा त्रास आघाताचा. एकाच शब्दात जोर कुठे दिला यावर अर्थ बदलतो, आणि छापताना तो जोर दाखवत नाहीत. पुढे जोर दिला तर 'ज़ामक' म्हणजे किल्ला, मागे दिला तर 'ज़मोक' म्हणजे कुलूप. 'मूका' म्हणजे यातना, आणि 'मुका' म्हणजे पीठ. (मराठीत काय ते सांगत नाही, स्टाफही वाचतो.) जोर नसलेला 'ओ' तर चक्क 'अ' होतो. दुधाला लिहायचं मोलोको आणि म्हणायचं मलाको.

उच्चारात आपला एक फायदा आहे, तो मला आमच्या वर्गातल्या उत्तर भारतीय मुलांमुळे कळला. आपण मराठीत 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळा काढतो, पण लिहितो एकाच अक्षराने. रशियनमध्ये या दोन च साठी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. बाकीची मुलं 'त्स, त्स' करत घाम गाळत होती, आणि बाईंनी मला पहिल्याच दिवशी पास केलं.

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते म्हणजे व्याकरण. मी कॉन्व्हेंटची. मराठी तिसरी भाषा, तीही 'माय बेस्ट फ्रेंड'चं भाषांतर केल्यासारखे निबंध लिहून पास झालेली. विभक्ती म्हणजे स ला ते, स ला ना ते हे घोकायचं गाणं, एवढंच माहीत होतं. पुण्यात वर्षभर रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केला तेव्हा बाईंनी फळ्यावर सहा विभक्त्यांचं कोष्टक मांडलं, आणि माझ्या डोक्यातलं इंग्रजी व्याकरण तिथेच बंद पडलं. इंग्रजीत 'विथ अ पेन' म्हणायला वेगळा शब्द लागतो. रशियनमध्ये पेन म्हणजे 'रूच्का', आणि पेनाने म्हणजे 'रूचकय'. शब्दाची शेपटी बदलली की झालं. हे तर आपलं 'पेनाने'च! तृतीया म्हणजे काय हे मला वयाच्या अठराव्या वर्षी रशियनमधून कळलं.

मग एकेक उलगडत गेलं. 'आय हॅव अ बुक'मधलं 'हॅव' रोजच्या रशियनमध्ये वापरतच नाहीत. 'उ मेन्या येस्त्य क्नीगा', म्हणजे शब्दशः माझ्याकडे आहे पुस्तक. 'आय लाइक' नाही, तर 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. 'आय अॅम कोल्ड' नाही, 'म्न्ये खोलद्ना', मला थंडी वाजते. थंडी कर्ता नाही, मीही कर्ता नाही, थंडी मला 'होते'. वयसुद्धा 'मला वीस वर्षं'. भूतकाळात क्रियापदावरून बोलणारा मुलगा की मुलगी ते कळतं, जसं आपलं होतो-होते. लिंगं तीन, आपल्यासारखीच. तू आणि तुम्ही वेगळे, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या खिडकीतून बघितलं तर रशियन अवघड. मराठीच्या दारातून गेलं तर निम्मं घर ओळखीचं निघतं.

शब्दसुद्धा. द्वा, त्री, चेतीरे हे दोन, तीन, चार आहेत हे ऐकूनच कळतं. पण मला सगळ्यात आवडले ते नात्यांचे शब्द. 'स्नखा' म्हणजे सून (संस्कृत स्नुषा), आणि 'देवेर' म्हणजे दीर. माझी रशियन रूममेट म्हणाली की हे शब्द आता तिच्या आजीलाच नीट माहीत आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे अजून रोज भांडणात लागतात.

सगळंच ओळखीचं असं मात्र नाही. पैसे मोजणं हा छळ आहे. एक रुब्ल, दोन ते चार रुब्ल्या, पाचपासून रुब्लेय, आणि एकवीसला परत रुब्ल! दुकानात उभं राहून डोक्यात मॉड्युलो दहा करावं लागतं. (त्यातही अकरा ते चौदा अपवाद. कॉम्प्युटरवाल्यांनी फंक्शन लिहून बघावं.) जाण्यालाही पायी गेलात की वाहनाने, एकदा जाताय की नेहमी जाता, यावरून वेगवेगळी क्रियापदं.

नावांच्या बाबतीत मात्र आपली मजा आहे. रशियन फॉर्मवर तीन रकाने असतात, आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव. आमच्या केरळच्या मित्राने त्या तीन रकान्यांपुढे हात टेकले, आणि मी तहसील कचेरीतला फॉर्म भरावा तसा तो भरून दिला. फरक एवढाच की ते वडिलांच्या नावाला प्रत्यय लावतात. लेव निकोलायेविच तोलस्तोय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. मुलगी असेल तर ओव्ना किंवा येव्ना. शिक्षकांना 'सर', 'मॅडम' म्हणत नाहीत, नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. पहिले पंधरा दिवस वहीच्या मागच्या पानावर प्राध्यापकांच्या वडिलांची नावं पाठ करण्यात गेले.

होस्टेलचं सांगायलाच हवं. दारात पास तपासणारी आजी बसते. रात्री अकराला दार बंद, सकाळी सहाला उघडणार, मध्ये कोणाचं काही चालत नाही. (आपल्या रेक्टर मॅडम वाचत असतील तर त्यांना नमस्कार.) मेस नाही; प्रत्येक मजल्यावर सामाईक किचन, आणि तिथे आपापलं शिजवायचं. भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत, त्यामुळे जाताना रोख डॉलर न्यायचे, तिथे बदलायचे आणि तिथल्या बँकेचं खातं उघडायचं. ज्यांना जायचंय त्यांनी हे वाक्य अधोरेखित करावं.

जेवणात एक धक्का बसला. रशियन लोक सूप, बटाटे, कोशिंबीर, सगळ्यावर एक हिरवा पाला भुरभुरतात. वास ओळखीचा. शेपू! घरी शेपूची भाजी केली की मी वरणभात खाऊन उठायचे, आणि इथे तो माझ्या मागे सायबेरियात. दुसरीकडे 'त्वोरग' नावाचा जो प्रकार मिळतो तो थोडा आंबट, दाणेदार चक्काच समजा. दिवाळीत त्यात साखर आणि वेलची घोटून आम्ही श्रीखंड केलं. मजल्यावरच्या सगळ्यांनी चाटून संपवलं.

थंडीबद्दल एवढंच, की उणे तीसमध्ये पापण्यांवर बर्फ बसतं, फोनची बॅटरी बसते, आणि नाकातून श्वास घेतला की आतले केस कडक झालेले जाणवतात. पण खोलीत हीटिंगमुळे टी-शर्टवर बसता येतं. फार थंडी पडली की शाळेतल्या मुलांना सुट्टी. इंजिनियरिंगवाल्यांना नाही, ते जगात कुठेच नाही बहुतेक. कोट मात्र कॉलेजात शिरताच गार्डरोबमध्ये जमा करायचा. कोटाला आतून अडकवायचा बंद नसेल तर तिथल्या बाई असं काही ऐकवतात की कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त रशियन तिथे शिकायला मिळतं.

आता मुद्द्याचं. आमचे विषय इंग्रजीतून असणार होते. तसे होतेही, एक सोडून. 'सोप्रोमात' म्हणजे आपलं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. ते इंग्रजीतून शिकवायला त्या सेमिस्टरला कोणी नव्हतं, म्हणून मला रशियन गटात बसवलं. नापास झाले तर क्रेडिट्स मिळणार नाहीत, म्हणजे इथे परत आल्यावर एक वर्ष मागे. बाबांनी कर्ज काढलेलं. त्या काळात मला झोप कमी लागायची.

तिथल्या पोरांत म्हण आहे, की सोप्रोमात पास झालास की लग्न करायला मोकळा. आणि परीक्षा तोंडी! टेबलावर 'बिलेत' उलटे मांडून ठेवतात, एक उचलायचा. त्यावर थिअरीचे दोन प्रश्न आणि एक गणित. चाळीसेक मिनिटं कागदावर तयारी करायची आणि मग प्राध्यापकासमोर बसून सांगायचं. ते मध्येच कुठूनही प्रश्न विचारतात. रट्टा मारलेला दुसऱ्या मिनिटाला उघडा पडतो. आपल्या व्हायव्हासारखं दहा मार्कांचं नाही, सगळा निकाल तिथेच. गुण दोन ते पाच. पाच उत्तम, दोन म्हणजे नापास.

आदल्या रात्री बारा वाजता मुलं खिडकीतून मार्कांची पुस्तिका बाहेर धरून ओरडतात, 'खल्यावा, प्रिदी!' म्हणजे 'फुकट नशिबा, ये!' मग पुस्तिका पटकन मिटायची आणि परीक्षेपर्यंत उघडायची नाही. मला पुस्तिका मिळालेली नव्हती, म्हणून रूममेटने स्वतःच्या पुस्तिकेत माझ्या नावाची चिठ्ठी घातली आणि माझ्या वाटचं पण ओरडली. बुटात टाचेखाली पाच रुब्लचं नाणं ठेवायला लावलं ते वेगळंच.

माझ्या बिलेतमध्ये बीमचं बेंडिंग आलं. फॉर्म्युला काढला, गणितासाठी बेंडिंग मोमेंटची आकृती काढली. प्राध्यापकांनी ती बघून विचारलं, मोमेंट वर का काढलाय? इथे एक बारकावा आहे. रशियात बांधकामवाले ही आकृती बीमच्या ताणलेल्या बाजूला काढतात, आणि मशीनवाले दाबलेल्या बाजूला. आपण इथे सॅगिंग मोमेंट वर काढतो, म्हणजे दाबलेल्या बाजूलाच. हे मला माहीत होतं. प्रश्न फक्त ते रशियनमध्ये म्हणायचा होता. 'ना स्झातिख वलोक्नाख', दाबलेल्या तंतूंवर. विशेषण आणि नाम दोन्ही सप्तमी अनेकवचनात, दोन्हींच्या शेवटी ख. हा ख म्हणजे संस्कृतमधल्या 'देवेषु'तल्या 'षु'चा भाऊ, असं पुण्याच्या बाईंनी सांगितलेलं, म्हणून तो कायमचा लक्षात राहिलेला. प्राध्यापकांनी मान हलवली आणि आणखी तीन प्रश्न विचारले.

रशियन क्रियापदांच्या जोड्या असतात, एक चालू असलेल्या कामासाठी, एक पुरं झालेल्या कामासाठी. आपण 'सोडवत होते' आणि 'सोडवून टाकलं' म्हणतो तसं काहीसं. 'एग्झामिन स्दावाला' म्हणजे नुसती परीक्षा दिली, निकाल देवाला ठाऊक. 'स्दाला' म्हणजे दिली आणि पास झाले. एका अक्षरगटाचा फरक.

चार मिळाले, म्हणजे 'खरशो'. बाहेर कॉरिडॉरमध्ये रूममेट माझा कोट घेऊन उभी होती. तिने विचारलं, "नू?" मी म्हटलं, "स्दाला." मग घरी फोन लावला, आणि आईने पहिला प्रश्न विचारला की जेवलीस का.