चामुंडीसमोरचं गॉथिक

म्हैसूर-उटी-कोडाईच्या सहलीत सेंट फिलोमिना चर्चच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. राजवाडा पाहून झालेला असतो, वृंदावन गार्डनची कारंजी चुकवायची नसतात आणि टूर मॅनेजर घड्याळ दाखवत असतो. तरी लष्कर मोहल्ल्याच्या ठेंगण्या दुकानांमागून ते दोन टोकदार मनोरे वर आले की माना आपोआप मागे जातात. १७५ फूट उंची, वर १२ फुटांचा क्रूस. चामुंडी टेकडीवरूनही शहरात बोट ठेवून दाखवता येतात. मध्ययुगीन युरोपातलं हे प्रकरण वडियारांच्या राजधानीत आलं कुठून?

सुरुवात एका हिंदू राजापासून होते. १८४३ साली मुम्मडी कृष्णराज वडियारांनी इथल्या युरोपियन रहिवाशांसाठी एक चर्च बांधून दिलं. गंमत म्हणजे राज्यकारभार इंग्रजांनी त्यांच्याकडून १८३१ सालीच काढून घेतला होता. देणगीचा राजेपणा तेवढा हातात उरला होता. त्या चर्चचा शिलालेख वाचावा तर सुरुवातीला एकमेव ईश्वराची, विश्वाच्या कर्त्या-रक्षकाची स्तुती येते. एखाद्या देवळाच्या प्रशस्तीत सहज खपून जाईल अशी. येशूच्या अवताराचा उल्लेख त्यानंतर.

पुढचा धागा थेट रोमच्या जमिनीखाली जातो. १८०२ साली प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत एक थडगं सापडलं. तोंडाशी भाजक्या मातीच्या तीन फरश्या, त्यावर नांगर आणि बाणांच्या खुणा, आणि अक्षरं : ‘लुमेना’, ‘पाक्स ते’, ‘कुम फी’. अर्थ लागेना. मग पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली आणि वाक्य जुळलं : पाक्स तेकुम फीलुमेना, फिलोमिना, तुला शांती लाभो. आत एका कोवळ्या मुलीच्या अस्थी होत्या. तिच्याविषयी हातात एवढंच; बाकीचं चरित्र भक्तीनं भरून काढलं. काही दशकांत ती फ्रान्सभर नवसाला पावणारी संत झाली आणि फ्रेंच मिशनरी तिला जगभर घेऊन गेले.

१९२६ साली पोपचे भारतातले प्रतिनिधी पीटर पिसानी यांच्याकडून तिचा एक पवित्र अवशेष म्हैसूरला आला. तो मिळाला टी. आर. व्ही. थंबू चेट्टी यांना. हे तेव्हाचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांचे हुजूर सेक्रेटरी. त्यांनी तो फादर कोशे यांच्या स्वाधीन केला आणि फादरनी चर्चसाठी दरबारात शब्द टाकला. नाल्वडी कृष्णराज वडियारांनी २८ ऑक्टोबर १९३३ रोजी जुन्या चर्चच्या जागी नव्याची पायाभरणी केली. आराखडा डेली नावाच्या फ्रेंच माणसाचा. काम तडीला नेलं बिशप रेने फ्यूगा यांनी, १९४१ मध्ये. महाराजांना मात्र ते पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये ते गेले.

गाइड सांगतात, हे जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलसारखं आहे. खरंय. पण त्या कोलोनचीच कथा ऐकण्यासारखी आहे. पाया १२४८ चा. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह संपून काम बंद पडलं, आणि अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी क्रेन पुढची तीनेकशे वर्षं तशीच उभी राहिली. दर्शनी भागाचं मूळ चर्मपत्रावरचं रेखाटन हरवलं होतं. त्याचा एक अर्धा तुकडा १८१४ मध्ये डार्मस्टाटला सापडला, दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला. ते जोडून, त्याबरहुकूम १५७ मीटरचे मनोरे १८८० साली पुरे झाले. म्हणजे म्हैसूरला पायाचा दगड बसला तेव्हा कोलोनचे ‘मध्ययुगीन’ मनोरे अवघ्या ५३ वर्षांचे होते! आपल्या मुंबईच्या व्हीटी स्टेशनच्या बांधकामाचे समवयस्क म्हणा ना. म्हैसूरच्या चर्चला नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक योगायोग मला फार आवडतो. कोलोनचा पाया पडला त्याच तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, म्हैसूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर सोमनाथपूरला होयसळांचं केशव मंदिर उभं राहत होतं. तिथे भार पेलतात ते दगडी खांब आणि त्यावर आडव्या टाकलेल्या तुळया. आडवा दगड लांब केला की मध्यात मोडतो, म्हणून खांब जवळजवळ लागतात आणि आत अंधार गाभाऱ्यापर्यंत दाटत जातो. कोलोनच्या गवंड्यांकडे टोकदार कमान होती. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली : दहा फूट रुंद तर पाच फूट उंच. टोकदार कमान त्याच रुंदीत हवी तेवढी उंच नेता येते. शिवाय ती भार बाहेर कमी ढकलते, खाली जास्त उतरवते. भिंतीवरचा ताण घटला की तिच्यात मोठाल्या खिडक्या काढता येतात.

म्हैसूरच्या चर्चमध्ये शिरल्यावर तोच हिशेब डोळ्यांना दिसतो. इमारतीचा नकाशा क्रूसाच्या आकाराचा, मधल्या दालनात आठशे माणसं बसतील एवढी जागा, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांत येशूचा जन्म, शेवटचं भोजन, क्रूसारोहण, पुनरुत्थान. बाहेरून भर दुपारी याच काचा काळपट, मेणचटलेल्या दिसतात. आतून पाहिलं की पेटतात, कारण त्यांचा रंग काचेच्या अंगातच असतो आणि उजेड आरपार आल्याशिवाय तो उमलत नाही. म्हणून संध्याकाळी रोषणाईचे फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा सकाळी येणारे भाग्यवान.

मुख्य वेदीच्या खाली तळघर आहे. तिथे तो १९२६ चा अवशेष जपलेला आहे. १९६१ साली रोमने फिलोमिनेचा सण चर्चच्या दिनदर्शिकांमधून काढून टाकला. पुराव्याला तीन फरश्यांपलीकडे काही नाही, हे त्यांनाही दिसत होतंच. चर्चच्या अधिकृत नावात सेंट जोसेफही आहेत. पण म्हैसुरात रिक्षावाल्याला सांगायचं ते फिलोमिना चर्चच, आणि तिच्या नावाची यात्रा आजही ऑगस्टमध्ये भरते.