विश्लेषण : जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक बसवावेत का? घाटात ड्रम ब्रेक का लागेनासे होतात?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळची द्राक्षे असोत, आटपाडीचे डाळिंब असो की सांगली बाजारातील हळद. गावातून माल बाहेर पडतो तो बहुतेक वेळा पिकअपमधून. मुंबईला जायचे तर वाटेत खंबाटकी आणि बोरघाट, चिपळूणला जायचे तर कुंभार्ली, रत्नागिरीला जायचे तर आंबा घाट. म्हणजे भरलेली गाडी कुठे ना कुठे लांब उतारावरून खाली आणावीच लागते. नव्या पिकअपना पुढच्या चाकांना कंपनीकडूनच डिस्क ब्रेक मिळतात. मात्र जिल्ह्यात अजूनही चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाड्या धावत आहेत. अशा गाडीला डिस्क बसवता येतात का, त्याने खरेच फरक पडतो का आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका कोणत्या गाड्यांचा?

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा एस या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. त्यामुळे या गाड्यांच्या मालकांना पुढचे ब्रेक बदलण्याचा विचार करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो महिंद्राच्या जुन्या जीप, कमांडर, त्यावर हौदा चढवून केलेल्या मालगाड्या, बजाज टेम्पोची मॅटाडोर यांसारख्या पिढीचा. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम होते. त्या काळात रस्ते अरुंद होते आणि वेगही कमी होता. आज त्याच गाड्या चौपदरी, सहापदरी महामार्गावर ८०च्या वेगाने जाणाऱ्या वाहनांमध्ये चालवाव्या लागतात. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणजे ४० किमी वेगाला पुरणारा ब्रेक ८०ला पुरेलच असे नाही.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत एक बंद डबा फिरतो. पॅडल दाबले की आतले दोन शू बाहेर पसरतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत उघडी चकती फिरते आणि कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ती चिमटीत पकडतो.

ब्रेकचे काम एका वाक्यात सांगायचे तर गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करणे. ही उष्णता किती लवकर बाहेर टाकता येते, यावर ब्रेकची ताकद टिकते. चकती उघड्या हवेत असल्याने लवकर थंड होते. ड्रममध्ये उष्णता आतच कोंडून राहते.

पाण्याचेही तसेच. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये शिरलेले पाणी आत राहते आणि पुढचे काही ब्रेक नीट लागत नाहीत. उसाच्या फडातला चिखल आत गेला तर तो सहज निघत नाही. डिस्कवरचे पाणी फिरताना उडून जाते आणि पॅड उरलेले पुसून काढतात.

ड्रमची एक जमेची बाजूही आहे. ड्रम फिरत असताना एक शू घर्षणामुळे स्वतःहून ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात चांगला ब्रेक लागतो. डिस्कमध्ये ही मदत नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण डिस्क बसवताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

घाटात ब्रेक का लागत नाहीत?

वाई-पाचगणी रस्त्यावरचा पसरणी घाट घ्या. पाचगणी आणि वाईच्या उंचीत साधारण ५५० मीटरचा फरक आहे. मालासह ३ टन वजनाची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा सुमारे १६० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साधे ५० लिटर पाणी, म्हणजे दोनेक बंब भरून, उकळीपर्यंत तापेल. दुसऱ्या भाषेत, तीच गाडी ६०च्या वेगावरून जवळपास ४० वेळा लागोपाठ पूर्ण थांबवण्याइतके हे काम आहे.

यातला काही भाग हवेचा आणि टायरचा रोध घेतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन घेते. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. मग तीन गोष्टी घडतात.

• ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. पॅडल अधिक खोल जाऊ लागते.
• लायनर ठरावीक तापमानाच्या पुढे गेला की त्याचे घर्षण कमी होते. पॅडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही.
• उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचली की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. पॅडल थेट तळाला जाते.

शेवटचा धोका डिस्क ब्रेकलाही आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. त्यामुळे वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या गाडीत डिस्क असूनही घाटात ब्रेक जाऊ शकतो.

इंजिन बंद केले तर काय होते?

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे ही जुनी सवय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातील नवले पुलाजवळ एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याची बाब समोर आली होती.

पिकअपमध्ये पॅडल हलके करण्यासाठी बूस्टर असतो आणि तो निर्वात दाबावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिनात हा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून मिळतो. अनेक गाड्यांत हा पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. इंजिन बंद झाले की पंप बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक लागतात, त्यानंतर पॅडल दगडासारखे होते. ड्रम असो वा डिस्क, याला पर्याय नाही. किंबहुना डिस्क बूस्टरवर जास्त अवलंबून असल्याने तिथे फरक अधिक जाणवतो.

डिस्क बसवायचे म्हणजे काय काय बदलायचे?

‘ड्रम काढला, चकती लावली’ इतके हे काम सोपे नाही. भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा डिस्क आणि कॅलिपर आणून बसवला, तरी बाकीची यंत्रणा जुनीच राहिली तर ब्रेक आधीपेक्षा वाईट लागू शकतो.

१. हब आणि नकल : कॅलिपर घट्ट बसण्यासाठी योग्य बैठक लागते. घरगुती पट्टी वेल्डिंग करून कॅलिपर टांगणे हा सर्वात धोकादायक प्रकार आहे. जोरात ब्रेक मारल्यावर सगळा ताण त्या वेल्डिंगवर येतो.

२. मास्टर सिलिंडर : कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे त्याला जास्त ऑइल लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल ढकलू शकला नाही तर पॅडल खोल जाते. फार मोठा बसवला तर पॅडल जड होते. मोजमाप जुळवावेच लागते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच लाइन असेल, तर हीच वेळ दुहेरी मास्टर सिलिंडर बसवण्याची आहे. एक लाइन फुटली तरी दुसरीवर निदान दोन चाके थांबतात.

३. दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह : ड्रमच्या यंत्रणेत लाइनमध्ये थोडा दाब कायम ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत चकतीला घासत राहतात. चकती तापते, पॅड संपतात आणि डिझेलही जास्त जाते.

४. बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप : डिस्कला पॅडलवर जास्त जोर लागतो. बूस्टर नसलेल्या जुन्या गाडीत नुसते डिस्क लावले तर चालकाचा पाय दुखेल, पण गाडी वेळेत थांबणार नाही.

५. पुढे-मागे समतोल : ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांवर जास्त काम असते. पण पिकअपची अडचण वेगळी आहे. भरलेली असताना मागे वजन असते आणि रिकामी परतताना मागची चाके हलकी होतात. तेव्हा मागचा ब्रेक जास्त लागला तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. त्यासाठी मागच्या ॲक्सलवर भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. पुढचे ब्रेक बदलले की त्याची सेटिंगही पाहावी लागते.

६. रिम आणि होज : कॅलिपर जुन्या रिमला आतून घासत नाही ना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होज ताणला जात नाही ना, हे चाक बसवून आणि गाडी जॅकवर घेऊन तपासायला हवे.

मागेही डिस्क लावावेत का?

मालगाडीसाठी त्याची सहसा गरज नसते. मागचा ड्रम हँडब्रेकसाठी सोपा आणि भक्कम पडतो, धुळीपासून झाकलेला राहतो आणि स्वस्तही असतो. नव्या पिकअपमध्येही कंपन्या मागे ड्रमच ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार विनापरवाना बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

झिजलेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग बसवणे ही दुरुस्ती. ब्रेकचा प्रकारच बदलणे हा मात्र बदल ठरू शकतो. म्हणून गॅरेजमध्ये गाडी लावण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. ‘किट’ विकणारा मान्यताप्राप्त असल्याचे सांगत असेल, तर तुमच्याच मॉडेलसाठीचे प्रमाणपत्र मागा. वाहने व सुट्या भागांची अशी चाचणी पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था करतात.

व्यावसायिक वाहनाला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे जुनी पिकअप दरवर्षी निरीक्षकासमोर जाणारच. विमा कंपनीलाही बदल कळवलेला हवा. न सांगितलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दाव्यावर वाद होऊ शकतो.

मग जुन्या पिकअपच्या मालकाने काय करावे?

आधी आहे तो ड्रम ब्रेक पूर्ण क्षमतेने चालतो का, हे पाहावे. अनेकदा डिस्कची गरज वाटते ती झिजलेल्या ड्रममुळे.

• चारही चाकांचे लायनर तपासा. एकाच ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे लायनर एकत्र बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.
• ड्रमला चर पडले असतील तर लेथवर फिरवून घ्या. ड्रमवर कोरलेल्या मर्यादेपेक्षा व्यास वाढला असेल तर ड्रम बदला.
• व्हील सिलिंडर गळत असेल तर लायनरवर ऑइल येते. फक्त पुसून चालत नाही, लायनर बदलावाच लागतो.
• ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला आणि लाइनमधली हवा काढून घ्या.
• इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबलेलेच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालू आहे.
• काम झाल्यावर रोलरच्या यंत्रावर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजून घेता आला तर उत्तम. डावी-उजवी तफावत तिथे लगेच दिसते.

एवढे करूनही गाडी नियमितपणे घाटात आणि महामार्गावर चालवायची असेल, तर त्याच कंपनीने त्याच मालिकेच्या पुढच्या गाड्यांत वापरलेली संपूर्ण पुढची यंत्रणा, मास्टर सिलिंडर आणि बूस्टरसह, परवानगी घेऊन बसवणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वात सरळ मार्ग आहे. नवे पॅड बसवल्यावर लगेच माल भरू नका. मोकळ्या रस्त्यावर ६०वरून २०पर्यंत वेग कमी करणारे काही मध्यम ब्रेक मारून, मधे थंड होऊ देत, पॅड आणि चकती एकमेकांना जुळू द्या.

परवानगी किंवा खर्च जमत नसेल, तर हिशेब वेगळा करावा. गाडीची उरलेली वर्षे, दरवर्षीची तपासणी आणि बदलाचा खर्च एकत्र मांडले, तर काही मालकांसाठी जुनी गाडी गावातल्या सपाट फेऱ्यांना ठेवून घाटातला माल डिस्क असलेल्या गाडीतून पाठवणे अधिक परवडेल.

निर्णय काहीही झाला तरी घाटाचा एक नियम दोन्ही ब्रेकना सारखाच लागू आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, माल क्षमतेपेक्षा जास्त भरू नये आणि पॅडल खोल जाऊ लागले किंवा जळल्याचा वास आला की गाडी सुरक्षित जागी लावून ब्रेक थंड होईपर्यंत थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो. द्राक्षाची गाडी बाजारात अर्धा तास उशिरा पोहोचली तर दर थोडा कमी मिळेल. तो तोटा पुढच्या फेरीत भरून काढता येतो.