दहाच्या आत

उद्योगांना मिळणारी प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं वाचायची मला खोड आहे. त्यांत सांडपाण्यासाठी तक्ते असतात. बीओडी किती, तेल किती, गाळ किती, सगळं आकड्यांत. पावसाच्या पाण्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादं वाक्य येतं: त्याची गटारं वेगळी ठेवा, त्यात सांडपाणी मिसळू देऊ नका. जणू पावसाचं पाणी जात्याच सोवळं, त्याला फक्त विटाळापासून जपायचं. एरवी मी हे वाचून पान उलटलं असतं. पण मिठी नदी मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीखालून वाहते, आणि ऑक्टोबर ते जून त्या आवारात जे जे सांडतं, झिजतं, ठिबकतं, ते पहिल्या सरीत धुऊन निघतं. त्यातलं बरंचसं जातं मिठीत. त्याचा तक्ता कुठे आहे?

म्हणून, एका महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी मिठीचं पाणी तपासणार असल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या माणसाबरोबर निघाले. माणूस कसला, पंचविशीतला मुलगा. परभणीकडचा, केमिस्ट्रीतला बीएस्सी. पाठीवर सॅक, एका हातात आइसबॉक्स, दुसऱ्या हातात बांबू. एरवी हॉटेलं, इस्पितळं, कारखाने यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे नमुने घेत फिरतो. मान्सून अजून मुंबईत यायचा होता. आधी विमानतळाच्या वरच्या अंगाला मरोळला, मग खालच्या अंगाला कुर्ल्याच्या बैलबाजारला, असा बेत होता.

मरोळला काठाशी उतरल्यावर त्याने आधी हातमोजे चढवले आणि मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं. मग प्लॅस्टिकचा कॅन नदीच्याच पाण्याने तीनदा विसळून भरला. काचेची रुंद तोंडाची बाटली मात्र अजिबात विसळली नाही. बांबूच्या टोकाला क्लॅम्पमध्ये अडकवून ती कोरडीच पाण्यात घातली आणि गळ्याशी थोडी जागा ठेवून वर काढली.

‘‘ही का नाही विसळायची?’’

‘‘ही ओअँडजीची, मॅडम. तेलाची. विसळली तर तेल काचेला धरतं, आकडा वाढतो. आणि प्लॅस्टिकमध्ये घेतली तर तेल प्लॅस्टिकला धरतं, आकडा पडतो.’’ ड्रॉपरने अ‍ॅसिड टाकून त्याने पीएच पेपर बुडवला, दोनच्या खाली गेल्याची खात्री केली आणि बूच लावलं. ‘‘दहाच्या आत यायला पाहिजे.’’

दहा म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 च्या सहाव्या अनुसूचीत नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी तेल आणि ग्रीसची ही मर्यादा आहे. ती लागते पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला, नदीला नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. पण रोज तेच नमुने घेऊन दहा हा आकडा त्याच्या तोंडी बसला होता. समोरच्या काळ्या पाण्याकडे बघतही तो म्हणाला, ‘‘दहाच्या आत.’’

मग निघाली डीओची बाटली. 300 मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची. ही भरताना आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, म्हणून ती त्याने तिरकी धरून सावकाश भरली, उन्हात धरून पाहिली आणि पुन्हा भरली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काठावरच ‘फिक्स’ करावा लागतो. मॅंगनीज सल्फेट, पाठोपाठ अल्कली आयोडाइड, बूच, आणि बाटली उलटसुलट. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा.

साका पांढरा धरला. ताकासारखा पांढरा. हळूहळू तळाशी बसू लागला. त्याने बाटली माझ्यापुढे केली आणि काही बोलला नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात हवा तो रंग आला की आनंद व्हायचा, अशी माझी शाळेपासूनची सवय. इथे बराच वेळ मी त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. नदीत मासा जगण्याइतकी हवा सोडाच, अजिबातच हवा नव्हती.

बैलबाजारला तेच. कॅन तीनदा, काच कोरडी, अ‍ॅसिड, बूच. डीओच्या बाटलीत पुन्हा पांढरं. डोक्यावरून विमानं जात होती. प्रत्येक विमानासरशी तो बोलायचा थांबे आणि आवाज सरला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे नेई.

‘‘वरही शून्य, खालीही शून्य. आता विमानतळाला काय विचारणार तुम्ही?’’

खोच नेमकी इथे आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, आणि वाटेत तिला कोण काय देत नाही? वस्त्यांचं मैलापाणी, तबेल्यांचं शेण, साकीनाका-कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनी धुतलेल्या तेलाच्या पिंपांचं पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 53 महाराष्ट्रात, आणि मिठी पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट, प्राधान्यगटात. इतक्या घाण नदीत मिसळल्यावर कुठलं तेल कोणाचं, हे कोण सांगणार? काठावरच्या सगळ्या मोठ्या आवारांना घाण नदी सोयीची असते, असं माझं मत त्या काठावर पक्कं झालं. विमानतळ त्यातलं एक आवार, इतकंच. मोठं, सुमारे 750 हेक्टरचं.

त्या 750 हेक्टरांचं गणित मी घरी आल्यावर केलं. एका दमदार सरीत 25 मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या जागेवर 18.75 कोटी लिटर पाणी पडतं. यात गवत आहे, झोपड्या आहेत, सगळंच वाहून जात नाही, हे कबूल. पण समजा गेलं, आणि समजा त्यातलं तेल बरोबर दहा भरलं, नियमात बसणारं दहा, तरी एका सरीत 1,875 किलो तेल होतं. पावणेदोन टनांहून जास्त. दहा हा आकडा बाटलीत जितका लहान दिसतो तितका आवारात लहान राहत नाही.

विमानतळावरून नेमकं काय वाहतं, यावर परदेशी लिखाण भरपूर आहे, पण त्यातलं निम्मं बर्फाबद्दल. थंड देशांत उड्डाणाआधी विमानावर ग्लायकॉल फवारतात, ते ओढ्यात गेलं की पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. मुंबईला ती भानगड नाही. आपल्याकडे आहे ते इंधन, म्हणजे शेवटी रॉकेलचंच भावंड, गाड्यांचं ग्रीस, धुण्याचा साबण, आणि टायरचं रबर. विमान टेकताना टायर घासून धावपट्टीवर काळा थर बसतो आणि तो जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने काढावा लागतो. 2024 मध्ये पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीसाठी 9 मे रोजी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 दोन्ही धावपट्ट्या बंद होत्या. अशी कामं पावसाच्या तोंडावरही होतात.

याहून चिवट आहे तो आग विझवण्याचा फेस. इंधनाची आग दाबायला जगभरच्या विमानतळांनी वर्षानुवर्षं ज्या फ्लोरिनयुक्त फेसाने सराव केला, त्यातली रसायनं कुजत नाहीत. जमिनीत मुरतात आणि भूजलाबरोबर पुढे सरकत राहतात. अमेरिकेत विमानतळांजवळच्या घरगुती विहिरींत ती सापडली. तिथे एप्रिल 2024 मध्ये यातल्या दोन प्रमुख रसायनांची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ठरली. आपल्या सहाव्या अनुसूचीच्या सर्वसाधारण तक्त्यात या कुळाचा रकानाच नाही. आणि मुंबईत विहिरी-बोअरचं पाणी टँकरने सर्रास विकलं जातं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, विमानतळ बंद पडला आणि मुंबईला एकाएकी आठवलं की आपल्याला नदी आहे. माधवराव चितळ्यांची समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झालं. विमानतळाच्या विस्तारात नदीला दिलेल्या काटकोनी वळणांची चर्चा झाली, रुंदी, खोली, गाळ यांची झाली. ती व्हायलाच हवी होती, माणसं मेली होती. पण तेव्हापासून मिठीचं बोलणं निघालं की ते पाणी किती याचंच निघतं, पाणी कसलं याचं फारसं निघत नाही. तिकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदी वळवून झाली. तिच्याबद्दलही ऐकू आलं ते पुराचंच.

बैलबाजारच्या चहाच्या टपरीवर तो नमुन्यांचा फॉर्म भरत होता. ‘हवामान’ या रकान्यात त्याने लिहिलं: कोरडे.

‘‘पावसात घेत नाही का कधी?’’

‘‘पावसातलं सॅम्पल रिप्रेझेंटेटिव्ह धरत नाहीत, मॅडम. क्लायंट नको म्हणतात.’’

म्हणजे आठ महिन्यांची घाण ज्या दिवशी वाहते नेमका तोच दिवस मोजणीतून बाद. अमेरिकेतल्या विमानतळांना पावसाच्या पाण्यासाठीही परवाना लागतो. तिथल्या केंद्रीय सर्वसाधारण परवान्यात अट आहे की दर तिमाहीत एकदा, पावसाचं पाणी वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात, गटाराच्या तोंडाशी स्वच्छ बाटली भरायची आणि रंग, वास, फेस, तेलाचा तवंग नुसत्या डोळ्यांनी बघून लिहून ठेवायचं. यंत्र नको, रसायन नको. तिथलं सगळं गोमटं आहे असं नाही, पण ही अट उचलायला आपल्याला कुठला खर्च येणार होता? विमानतळाची पावसाळी गटारं जिथे कुंपणातून मिठीत उतरतात तिथे, मिसळण्याआधी, पहिल्या सरीला एक बाटली, आणि तिची नोंद सर्वांना दिसेल अशी. संमतीपत्रातल्या एका वाक्याची दोन वाक्यं करावी लागतील.

मी त्याला ते अर्ध्या तासाचं सांगितलं. पहिल्या पावसात येशील का, असंही विचारलं. तो हसला.

‘‘पहिला पाऊस रात्री दोनला पडतो नाहीतर रविवारी. आत जायला पास लागतो, तो आदल्या दिवशी काढायचा. आणि पाऊस पडल्यावर अर्ध्या तासात मी लॅबमधून साकीनाक्यालाही पोचत नाही. बाटल्या आतल्या माणसानेच भरायला पाहिजेत. अ‍ॅसिड मी घालून देतो.’’

मग त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि बर्फ वितळायच्या आत लॅब गाठायची म्हणून रिक्षाला हात केला.