किमान वेतनवाढ आणि १९८८ ची रोजगार हमी

किमान वेतन म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली मजुरीची खालची मर्यादा. भारतात तिला १९४८ च्या किमान वेतन कायद्याने आधार दिला, आणि १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, या मर्यादेपेक्षा कमी पैशांत राबवून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही मर्यादा वाढवली की रोजगार घटतो का, याविषयी मात्र अर्थशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

श्रम महागले की मालक माणसे कमी करतो, हे पाठ्यपुस्तकी उत्तर अनेक मालकांत मजुरांसाठी चढाओढ असल्याचे गृहीत धरते. प्रत्यक्षात एखाद्या परिसरात काम देणारे मोजकेच असतील, तर मजुरीचा दर त्यांच्याच हाती राहतो. जिला क्रेत्याची मक्तेदारी म्हणतात ती हीच स्थिती, आणि तीत किमान वेतन वाढल्यावर मालकाचा वाढीव नफा घटूनही रोजगार टिकू शकतो, क्वचित वाढूही शकतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तेथील व शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील मिळून ४१० उपाहारगृहांची तुलना केली आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. या निष्कर्षावर नंतर पुष्कळ वाद झाला, तरी वेतनवाढ म्हणजे बेकारीच, हे समीकरण त्यानंतर पूर्वीइतके निःशंकपणे मांडता येईनासे झाले.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा आणि अधिक विचारात पाडणारा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७९ पासून कायद्याच्या बळावर अमलात आली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर खोदलेल्या मातीचे वा फोडलेल्या खडीचे माप घेऊन दाम दिले जाई, दर स्त्री-पुरुषांना सारखाच असे, आणि त्यासाठीचा पैसा मुख्यतः शहरांतील नोकरदार-व्यावसायिकांवरील व्यवसाय करातून व तितक्याच सरकारी वाट्यातून येई. मजुरी कमी असल्यामुळे ज्याला खरोखरच दुसरा आधार नाही तोच कामावर येई, म्हणजे गरजवंतांची निवड आपोआप होई. १९८८ साली शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर हमीच्या कामांचे दरही वाढले. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की या वाढीनंतर मागेल त्याला काम ही हमी पूर्वीसारखी उरली नाही, कामाचे रेशनिंग होऊ लागले. दर वाढल्याने मागणारे वाढत असताना मस्टरवरील हजेरी मात्र रोडावली.

येथे नफा कमी करून वाढ सोसणारा मालक नव्हता, होती ती सरकारी तिजोरी; आणि मजुरीच्या वाढीइतकी तरतूद वाढली नाही, तर नवी कामे न काढणे हीच प्रशासनाला सोपी काटकसर ठरते. कायद्यात हमी तशीच राहते, पण काम मागायला आलेल्या बाईला परत पाठवले जाते, आणि ती पुन्हा बागायतदाराच्या बांधावर तो देईल त्या दराने खुरपणीला जाते. ही माघार कोणत्याही सरासरीत सहजी दिसत नाही, म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.

यावरून १९८८ ची वाढ चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अपुरी होती ती तरतूद. तरीही केंद्राने पुढे उलटाच मार्ग धरला: राष्ट्रीय रोजगार हमीची मजुरी २००९ पासून १९४८ च्या कायद्यापासून तोडून स्वतंत्रपणे ठरवली जाऊ लागली, आणि त्यानंतर अनेक राज्यांत ती शेतमजुरांच्या किमान वेतनापेक्षाही खाली राहिली.