दारू सोडवायला चार बैठका पुरतात?

लालबाग-परळमध्ये एखाद्याची दारू वाढली की घरच्यांना दोनच उपाय सुचतात : देवासमोर शपथ, नाहीतर थेट व्यसनमुक्ती केंद्रात भरती. माणूस कामावर जातोय, पगार घरी येतोय, पण नाइंटीची क्वार्टर झाली आहे, या मधल्या काळात मात्र त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. ‘अजून हाताबाहेर गेलेला नाही’ म्हणून विषय मिटतो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही मदत मिळते; भरती होऊन उपचार मिळतात ते १८० जणांत एकाला. नुसत्या खाटा वाढवून ही दरी बुजणारी नाही. या माणसाला आधीच, नेहमीच्या दवाखान्यात गाठलं पाहिजे.

ते जमतं, हे गोव्यात दिसलं. ‘संगत’ संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेली चाचणी ‘लॅन्सेट’ने २०१७ साली छापली. तिथे आलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्यासंबंधीचे १० प्रश्न विचारले आणि ४०पैकी १२ ते १९ गुण पडलेले ३७७ पुरुष निवडले. त्यांतल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशन मिळालं : एक ते चार बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. बोलणारे होते मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नेटकं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक. प्रवचन नाही. पिण्याने झोपेचं, पैशाचं, घराचं काय झालं हे त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. मग तलफ आली की काय करायचं, आग्रह करणाऱ्या मित्राला नाही कसं म्हणायचं, याची चक्क तालीम. (गटारीच्या आठवड्यात ही तालीम किती कामाची, ते गिरणगावाला सांगायला नको.) तीन महिन्यांनी, मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले इकडे ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. वर्षानंतरही ४५ विरुद्ध २६.

म्हणजे निम्म्याहून जास्त पीतच राहिले की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. जे पीत राहिले त्यांचं प्रमाणही घटलं नाही आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. तिच्यासाठी वेगळीच व्यवस्था लागेल. पण एवढ्या थोडक्या वेळात आणि खर्चात दुसरा कोणता उपाय इतकं देतो? ‘पदवी नसलेल्यांच्या हाती रुग्ण कसा द्यायचा’ हा आक्षेप अधिक वजनाचा. त्याचं उत्तर निवडीत आहे : २० किंवा जास्त गुणांचा माणूस या बैठकांचा नव्हेच. न घेतल्यास ज्याचे हात थरथरतात, भास होतात, फिट येते, त्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. त्याला केईएम किंवा नायरच्या मानसोपचार विभागातच न्यावं. बाकीच्यांसाठी पालिकेने आपल्या दवाखान्यांत, केसपेपरवर बीपी-शुगर लिहितात तिथेच, हे १० प्रश्न छापावेत आणि शेजारच्या खोलीत एक प्रशिक्षित माणूस बसवावा. तोवर केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.