कोंबडीचा पाय अधू, दोष मात्र आतड्यात

समुद्रपूर तालुक्यातील गिरडला बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक येतात. अशा वर्दळीच्या ठिकाणी मुर्गीचे दुकान चालवणाऱ्याची आणि त्याला माल देणाऱ्या फार्मवाल्याची एक तक्रार सारखीच असते. माल उचलायची वेळ येते आणि काही कोंबड्या उभ्याच राहत नाहीत.

लंगडी कोंबडी दाण्या-पाण्यापर्यंत पोचत नाही, वजनात मार खाते. गाडीत भरताना हाड मोडले तर मांडीत रक्त साकळते आणि गिऱ्हाईक कुरकुर करते. जबह होण्याआधीच मेली तर फेकण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे सगळाच तोटा.

अशा वेळी बहुतेक जण कॅल्शियमची बाटली आणतात. खाद्यात खरोखर कमतरता असेल तर तिचा उपयोग होतो. परंतु हाडाला कॅल्शियमबरोबर फॉस्फरस आणि ‘ड’ जीवनसत्त्वही लागते. कॅल्शियम अंदाजाने वाढवले की फॉस्फरस अंगी लागत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

खाद्य बरोबर असूनही पाय जातात, त्याचे कारण पुष्कळदा पोटात असते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंवर जातो. त्या ओझ्याने मांडीच्या आणि नळीच्या हाडाच्या वाढत्या टोकांना बारीक चिरा पडतात. उन्हाळा, रक्ती हगवण किंवा बुरशी लागलेले खाद्य यांमुळे आतड्याचे अस्तर कमजोर झाले, तर तेथले जिवाणू रक्तात उतरून त्या चिरांत ठाण मांडतात. हाड आतून कुजते. वरून काहीच दिसत नाही.

अमेरिकेतील अर्कान्सास विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन आणि सहकाऱ्यांनी कोंबड्या तारेच्या जाळीवर वाढवून लंगडेपणा मुद्दाम आणला. ज्यांना पहिल्या दिवसापासून खाद्यातून प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू दिले, त्यांच्यात तो कमी आढळला. हा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. त्यामुळे आतडे सांभाळण्याचे असे दुसरे मार्ग आता पाहावेच लागतात.

प्रोबायोटिक हे औषध नव्हे. बसलेली कोंबडी त्याने उठेल अशी आशा धरू नये. द्यायचे तर पिल्लू आल्या दिवसापासून. ते जिवंत जिवाणू असतात, म्हणून पाण्यातून देताना क्लोरीनचे पाणी वापरू नये आणि प्रतिजैविकासोबत देऊ नये. पाकिटावर एका ग्रॅममध्ये किती जिवाणू आहेत ते आणि मुदत पाहावी. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेले पाकीट घेऊन काय उपयोग? ताक पाजणारेही आहेत. त्याने बिघडत नाही, पण मात्रेचा हिशेब राहत नाही. ओला लिटर आणि शेडमधली गर्दी तशीच ठेवली तर हा खर्चही वाया जाईल.

या कामी दुकानदार बांधवांची मोठी मदत होऊ शकते, कारण हाड त्यांनाच रोज दिसते. मांडी खुब्यातून सोडवताना हाडाचा गोळा पांढरा, गुळगुळीत आणि अखंड निघावा. तो पिवळट, भुसभुशीत असला किंवा तुटून सांध्यातच राहिला, तर ती कोंबडी विकू नये. कोणत्या फार्मच्या खेपेत असे किती निघाले ते वहीत टिपावे आणि फार्मवाल्याला त्याच दिवशी कळवावे. त्याने एक-दोन आजारी कोंबड्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवाव्यात, आणि तेही पुढची पिल्ले शेडमध्ये उतरण्याआधी.