कणा सरळ नसतोच!

‘पोक काढून बसू नकोस, ताठ बस!’ हे ऐकल्याशिवाय मराठी घरात कुणी लहानाचं मोठं झालं नसेल. गंमत अशी, की निरोगी कणा मुळात सरळ नसतोच. बाजूनं पाहिलं तर तो मानेशी आत वळतो, छातीमागे बाहेर येतो आणि कमरेशी पुन्हा आत जातो. चालताना, धावताना बसणारे धक्के हे बाकच पचवतात. मागून पाहिलं तर मात्र तो ओळंब्यात हवा.

या कण्याची परीक्षा घेणारा एक खेळ म्हणजे वल्ह्याच्या होड्यांच्या शर्यती. १९३६ पासून त्या ऑलिम्पिकमध्ये आहेत. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी कनूच्या १००० मीटर दुहेरी शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. अशा यशानंतर कोवळी मुलं वल्हं हाती घेणार, आणि घ्यावंही.

कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे करून बसतो आणि दुपाती वल्हं दोन्हीकडे मारतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले, की कंबरेचं हाड मागे कलतं, कमरेचा बाक सपाट होतो आणि पाठीला पोक येतं. कनूत तो एक गुडघा टेकून, एकपाती वल्हं एकाच बाजूला मारत राहतो. रोज हजारो वेळा! साहजिकच एका बाजूचे स्नायू अधिक कमावले जातात. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढते. नेमका तोच काळ कसून सरावाचा असतो.

म्हणून घाबरायचं का? मुळीच नाही. शंभरांतल्या दोन-तीन मुलांचा कणा बाजूला वाकतो. क्ष-किरण चित्रात हा बाक दहा अंश किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेकांत त्याचं कारण सापडत नाही, तेव्हा सगळा दोष वल्ह्यावर टाकणं अन्यायाचं होईल. मात्र तो लवकर लक्षात यायला हवा.

त्यासाठी घरीच एक साधी पाहणी करता येते. मुलाला गुडघे न वाकवता, हात सैल सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसते? उभं असताना एक खांदा वर, कमरेची एक घडी खोल? तसं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाठ सतत दुखत असेल तर ‘सरावाचंच दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

बँकेत माझा जन्म जमा आणि नावे या दोन बाजू जुळवण्यात गेला. शरीराचाही असा ताळेबंद असतो. पाण्यात एक बाजू राबली, तर काठावर दुसरीला व्यायाम हवा. मांडीमागचे स्नायू रोज ताणायला हवेत. पोटापाठीला बळ हवं. प्रशिक्षकांना शर्यतीची वेळ जरूर विचारा. पण पाठ शेवटची कधी पाहिली, हेही विचारा. शर्यती दहा-पंधरा वर्षांच्या. कणा मात्र साठीनंतरही याच पोराला लागणार आहे.